गंगावणे, परशुराम विश्राम

चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांचे सिंधुदुर्गातील कलावंत. गाव पिंगुळी (ता. कुडाळ). ठाकर समाजातील या कुटुंबात कला वडिलोपार्जित. कलेचे शिक्षण घरातच झाले. पद्मश्री (2021).

पिंगुळीचे ठाकर हे मूळचे फिरस्ते कलावंत. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ते गावोगावच्या देवळांत खेळ करीत. शिवकाळात त्यांनी खेळाच्या निमित्ताने हेरगिरी केली, असे परंपरा सांगते. राजाश्रय संपला आणि पुढे सिनेमा, दूरदर्शन आले, तशी अनेक घरे मोलमजुरीकडे वळली.

चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवीत गाऊन आख्यान सांगणे; तिचा मूळ आधार पोथी. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची चित्रे म्हणजे एक पोथी. प्रत्येक चित्र सुमारे 30 सेंमी. उंच व 40 सेंमी. रुंद, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. सूत्रधार मांडी घालून बसतो, समोरच्या फळीला चित्र टेकवतो आणि गाता गाता पुढचे पान वर घेतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक हे चर्मवाद्य. आरंभी गणपती, मग सरस्वती. बाजूने काढलेले चेहरे आणि मोठे डोळे ही या शैलीची ओळख. जीर्ण पोथी पाण्यात सोडण्याची प्रथा असल्याचे सांगतात. जुन्या पोथ्या दुर्मीळ होण्याचे ते एक कारण असावे. उरलेल्यांपैकी बऱ्याच संग्राहकांकडे व शहरी संग्रहालयांत गेल्या. मणी कौल यांनी या कलेवर 'चित्रकथी' (1977) हा माहितीपट केला.

गंगावणे यांनी घरच्या पोथ्या व बाहुल्या जपल्या आणि 2006 मध्ये स्वतःच्या गोठ्याचे रूपांतर करून 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभारले. पौराणिक आख्यानांबरोबर आरोग्य, स्वच्छता, पर्यावरण हे विषयही त्यांनी बाहुल्यांच्या खेळात आणले. लोकशिक्षणाची ही बाजू महत्त्वाची खरी. तथापि पोथी तिच्याच गावात आणि वापरात ठेवणे, हे त्यांचे कार्य अधिक मोलाचे ठरते.

कळसूत्री बाहुल्या : लाकडी, दोऱ्यांवर चालणाऱ्या. चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ वेगळा.



गंगावणे यांची मुले ही कला पुढे चालवीत असून संग्रहालयात अभ्यागतांसाठी खेळ होतात.