पाढ्याचें एक सुटें पान

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम सनदा, महजर आणि निवाडपत्रें ह्यांकडे जाते; पोथ्यांचा गठ्ठा असला तर लेखनकाल सांगणारा शेवटचा मजकूर कोठें आहे हें तो आधीं पाहतो. हें योग्यच आहे. परंतु ह्या दोहोंच्या मध्यें बहुधा कांहीं सुटीं पानें निघतात. त्यांवर शिक्का नसतो, तिथि नसते, लिहिणाराचें नांव नसतें. असतात ते केवळ पाढे, धान्याच्या भावाचे हिशेब आणि खोडाखोड. अशीं पानें निरुपयोगी म्हणून बाजूस सारण्याची आमच्यांतील बहुतेकांची रीत आहे. ह्या रीतीमुळें सामान्य माणूस गणिताच्या आधारानें आपला व्यवहार कसा समजून घेत होता ह्याचा फार मोलाचा पुरावा आपण गमावीत आहों, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम आमचाच अपराध सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या दिवाळीच्या सुटींत, कोंकणांतील एका घरच्या माळ्यावरील पेटी पाहण्याचा योग आला. तींत 'लीलावती'ची एक सुवाच्य, तांबड्या समासाची पोथी मिळाली आणि तिच्याखालीं सुट्या मोडी पानांचा एक जुडगा निघाला. घरच्या वृद्ध बाईंनीं विचारलें, "गुरुजी, ह्या चिटोऱ्यांचें काय करूं?" आम्ही पोथीच्या आनंदांत होतों. न वाचतांच म्हणालों, "आजी, त्यांत कांहीं नाहीं." घरीं येऊन पोथी उघडली, तेव्हां पोथीला खालून आधार म्हणून घातलेलें तसलेंच एक पान हातीं लागलें. तें वाचल्यावर आमचा जीव चुटपुटला आणि पुढच्या सुटींत आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. आजी म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालां ना, त्यांत कांहीं नाहीं म्हणून? बंबांत घातलीं सगळीं." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

उरलेलें पान हातकागदाचें असून बोरूनें लिहिलेलें आहे. वरच्या अर्ध्या भागांत अडीचकीचा पाढा आहे. त्याखालीं एक रीत थोडक्यांत दिली आहे. तिचा आशय असा कीं, चाळीस शेरांच्या मणाचा भाव जितके रुपये, तितके आणे अडीच शेरांस पडतात. तिच्याखालीं उदाहरण आहे: मणाचा भाव सव्वातीन रुपये, माल साडेसात शेर. उत्तर प्रथम 'दहा आणे' असें लिहिलें असून तें एका आडव्या रेघेनें खोडलें आहे, आणि शेजारीं 'नऊ आणे तीन पैसे' असें दुरुस्त उत्तर आहे. दुरुस्तीचें वळण मूळ अक्षराहून निराळें दिसतें.

हिशेब ताडून पाहूं. भाव सव्वातीन रुपये, म्हणून अडीच शेरांस सव्वातीन आणे. साडेसात शेर म्हणजे अडीच शेरांची तिप्पट. सव्वातीन आण्यांची तिप्पट पावणेदहा आणे. आण्याचे पैसे चार, म्हणून पाऊण आणा म्हणजे तीन पैसे. दुरुस्त उत्तर बरोबर आहे. पहिल्या उत्तरांत फरक पडला तो अवघ्या एका पैशाचा. परंतु तो पैसा दुसऱ्या कोणीतरी पाहिला, आणि तो कसा चुकला हें त्यास कळलें. तो पंतोजी असेल, घरचा वडील माणूस असेल किंवा गिऱ्हाईकही असेल. कोणीही असो, दुकानदाराचा शब्द प्रमाण न मानतां हिशेब आपण पडताळावा येवढें बळ त्याला ह्या पाढ्यानें दिलें. आमच्या मतें एखाद्या महजरावरील साक्षीइतकीच ही खोडलेली रेघ बोलकी आहे.

आतां ही रीत खरी कां, हें पाहणें अवश्य आहे. तिचें मूळ त्रैराशिकांत आहे. मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा. रुपयाचा सोळावा भाग आणा, म्हणून मणाचाही सोळावा भाग घ्यावा. चाळीसाचा सोळावा भाग अडीच. येवढेंच तिचें मर्म. हें ज्यास कळलें त्यास दुसऱ्या बाजारांतही अडचण नाहीं. धान्याचा मण कोठें सोळा पायल्यांचा, कोठें बारा पायल्यांचा असे. सोळाचा मण असेल तर मणास जितके रुपये, पायलीस तितकेच आणे. बाराचा असेल तर तितके आणे पाऊण पायलीस. म्हणजे एके ठिकाणीं अडीचकी, एके ठिकाणीं पाऊणकी, आणि एके ठिकाणीं पाढ्याचीही गरज नाहीं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ह्यांचें पाठांतर म्हणजे मुलांच्या डोक्यावरचें निष्कारण ओझें, असें पुष्कळदां ऐकूं येतें. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, अशीं जेथें मापेंच अर्ध्यापावानें चढत जात होतीं, तेथें अपूर्णांकाचा पाढा हीच बाजाराची खरी भाषा होती.

ही भाषा किती जुनी आहे हें 'लीलावती' उघडतांच दिसतें. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, आणि 'सिद्धांतशिरोमणि' ग्रंथ शके १०७२ (इ. स. ११५०) मधला. 'लीलावती'च्या आरंभींच नाण्यांची परिभाषा आहे: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. येथें काकिणीच्या जागीं पैसा, पणाच्या जागीं आणा आणि द्रम्माच्या जागीं रुपया ठेवून पाहावा. चार आणि सोळा हे गुणक तेच राहतात. नाणीं बदललीं, राज्यें बदललीं, परंतु गणनेची चौकट तशीच राहिली. तिचा शेवट आमच्या अगदीं जवळच्या काळांत झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्यामागून शेर व मण ह्यांची जागा किलोनें घेतली, आणि अडीचकीचीं पानें एका पिढींत निरुपयोगी ठरलीं.

'लीलावती'चीं उदाहरणें वाचतांना आपण बाजारांत उभे आहों असें वाटतें. केशर, कापूर, चंदन, तांदूळ, मूग ह्यांचे भाव तींत आहेत. वस्तूच्या बदल्यांत वस्तु घेण्याचें एक उदाहरण असें: एका द्रम्मास तीनशें आंबे आणि एका पणास तीस डाळिंबें मिळत असतील, तर दहा आंब्यांच्या बदल्यांत डाळिंबें किती? दहा आंब्यांची किंमत द्रम्माचा तिसावा भाग, म्हणजे पणाचे तीसांपैकीं सोळा भाग. म्हणून डाळिंबें सोळा. जशी सृष्टि परमेश्वरानें व्यापिली आहे, तसें सर्व गणित त्रैराशिकानें व्यापिलें आहे, ह्या आशयाचें आचार्यांचें विधान प्रसिद्धच आहे. ज्योतिष्यांचा ग्रहभगण आणि बागवानाचीं डाळिंबें ह्यांस एकच न्याय लागू आहे, हा त्याचा भावार्थ आम्ही घेतों.

शास्त्र आणि बाजार ह्यांचा संबंध एकाच दगडावर पाहावयाचा असेल तर खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथील शिलालेख पाहावा. त्याचें संशोधन भाऊ दाजी ह्यांनीं केलें. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण ह्याच्या पदरीं ज्योतिषी होते. त्यांनीं आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेव ह्यानें शके ११२८ मध्यें त्यास दान दिलें. लेखाचा बराचसा भाग संस्कृतांत असून शेवटीं दानाचा तपशील जुन्या मराठींत आहे. दर घाण्यामागें पळीभर तेल मठास द्यावें, माल मठाच्या मापानें मापावा, आणि मापणीच्या हक्काचा अर्धा भाग मठास व अर्धा मापाऱ्यास मिळावा, असा त्या तपशिलाचा आशय आहे. गणिताचा मठ बाजारांतल्या मापावर चालत होता, येवढी गोष्ट ह्यावरून निश्चित होते.

शास्त्र सामान्यांच्या हातीं देण्याचें असेंच दुसरें मोठें कार्य कोंकणांत नांदगांवीं झालें. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें 'ग्रहलाघव' रचिला. ग्रहगणितांतील ज्याचापाचा क्लिष्ट भाग त्यांनीं युक्तीनें वगळला. आणि अहर्गणाची संख्या अवाढव्य होऊं नये म्हणून अकरा वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, एक चक्र कल्पून उरलेल्या दिवसांवर गणित बसविलें. पुढें तिथीच्या सारण्याही त्यांनीं केल्या. त्यामुळें खेड्यांतल्या जोश्यास घरबसल्या पंचांग साधतां येऊं लागलें. सण, पेरणी, मुहूर्त, ग्रहण ह्यांचें उत्तर गांवांतच मिळूं लागलें.

परंतु सोप्या रीतीस एक भय आहे, तें येथें सांगितलें पाहिजे. रीत हातीं राहते आणि उपपत्ति विसरते. चाळीसाच्या मणाची अडीचकी जो बाराच्या मणास लावील तो फसेल. 'ग्रहलाघवा'चेंही असेंच झालें. गणेश दैवज्ञांनीं स्वतः आकाश पाहून, कोणता ग्रह कोणत्या पक्षाशीं जुळतो हें ठरवून आपले अंक बसविले होते, आणि 'लीलावती'वरील आपल्या 'बुद्धिविलासिनी' टीकेंत उपपत्तीही दिल्या होत्या. मागाहूनच्यांनीं अंक घेतले, पाहणें सोडलें. मग गणित आणि आकाश ह्यांत अंतर पडत गेलें. शेवटीं केरो लक्ष्मण छत्रे ह्यांना इ. स. १८६० मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' नव्यानें सिद्ध करावीं लागलीं. म्हणून आम्ही म्हणतों कीं, पाढा पाठ असणें हें अर्धें गणित. तो कोठें लागू आणि कोठें नाहीं हें कळणें उरलेलें अर्धें. आमच्या पानावरील ज्या हातानें एक पैसा दुरुस्त केला, त्या हातापाशीं हा दुसरा अर्धा भाग होता.

आतां संग्राहकांस विनंति. ग्रंथांवरून शास्त्र काय होतें हें कळतें. तें किती लोकांपर्यंत पोंचलें आणि पोंचतांना त्याचें काय झालें, हें मात्र ह्या सुट्या पानांवरूनच कळेल. तेव्हां पाढ्याचें पान सांपडल्यास तें ज्या गठ्ठ्यांत होतें त्यापासून वेगळें करूं नये. गांवाचें नांव, मणाचे शेर किंवा पायल्या, आणि भावाचे अंक टिपून ठेवावे. खोडलेला अंक दुरुस्त अंकाइतक्याच काळजीनें उतरून घ्यावा, कारण मनुष्य विचार कसा करीत होता हें चुकीच्या जागींच अधिक स्पष्ट दिसतें. आणि मालकानें "ह्याचें काय करूं?" असें विचारलें, तर वाचल्यावांचून उत्तर देऊं नये.

त्या जुडग्यांत किती पानें होतीं हें आम्हीं मोजलेंही नव्हतें. आयुष्यभर मुलांना गणति शिकविणाऱ्या मास्तरास ही गोष्ट लिहितांना लाज वाटते; परंतु ती लिहून ठेविली तर दुसऱ्या कोणाच्या माळ्यावरचा एखादा जुडगा वांचेल, ह्या आशेनें लिहिली आहे.