करसवलतीवर जगलेली गाडी

परवा भाचा नवी गाडी दाखवायला आला. म्हणाला, "मामा, हिची डिकी मागून कापल्यासारखी का दिसते हो?" म्हटलं, "अरे, कर वाचवायला!" 2006 पासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर कर कमी आहे. म्हणून कंपन्या अक्षरशः फूटपट्टी लावून गाड्या बनवतात.

पण कराच्या हिशोबाने अख्खी गाडी कशी घडते हे बघायचं तर इंग्लंडातल्या प्रेस्टन शहरात जायला हवं.

महायुद्ध संपलं तरी तिथे 1950 पर्यंत पेट्रोल रेशनवर होतं. अशा काळात लॉरी बाँड या इंजिनिअरने एक तीनचाकी बनवली आणि 1949 पासून प्रेस्टनच्या शार्प्स कमर्शियल्स कंपनीने ती विकायला काढली. नाव 'बाँड मिनीकार'. पुढे एकच चाक आणि त्या चाकावरच बसवलेलं 122 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. सुरुवातीच्या मॉडेलला ब्रेक फक्त मागे, आणि रिव्हर्स गिअर नाहीच!

रिव्हर्स नसणं पथ्यावरच पडलं. तिथल्या कायद्याने अशी हलकी तीनचाकी मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची. शिवाय खरेदी कर चारचाकीपेक्षा कमी. साइडकारमध्ये बायकोपोरांना बसवून पावसात भिजणाऱ्या कामगाराला डोक्यावर छप्पर मिळालं. मला या गाडीचं कौतुक वाटतं ते याचसाठी. पुढे 1956 मध्ये सुएझचं संकट आलं, पुन्हा रेशनिंग आलं आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना भाव आला.

1959 मध्ये 'मिनी' बाजारात आली. चार चाकं, चार माणसं, किंमत 500 पौंडांच्या आत. तरीही करातल्या फरकामुळे बाँड तग धरून होती. मग 1962 मध्ये सरकारने मोटारींवरचा खरेदी कर 55 टक्क्यांवरून आधी 45 आणि नोव्हेंबरात थेट 25 टक्क्यांवर आणला. तीनचाकीएवढाच! कंपनीच्या प्रमुखांनी अर्थमंत्र्यांना तार केली, की आम्हालाही सूट द्या, नाहीतर 300 लोकांच्या नोकऱ्या जातील. उपयोग झाला नाही.

1966 मध्ये मिनीकार बंद झाली. तोवर सुमारे 24 हजार गाड्या बनल्या होत्या. 1969 मध्ये रिलायंट कंपनीने बाँड विकत घेतली आणि लवकरच प्रेस्टनचा कारखानाही बंद केला.

सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सामान्य माणसाला चांगली गाडी स्वस्त मिळाली. पण ज्या मालाचा मुख्य आधार करसवलत असतो, त्याचं भवितव्य दुसऱ्याच्या पेनात असतं. आणि ते पेन फिरलं की फटका बसतो तो कारखान्यातल्या माणसाला.

उद्या आपल्याकडची चार मीटरची अट निघाली तर काय होईल? चाकण-रांजणगावात काम करणाऱ्यांनी जरूर लिहा. तुमचं ऐकायचंय.