बंप स्टॉप : डोंगरवाटेच्या गाडीसाठी निवड

बंप स्टॉप : दगडावरून किंवा खड्ड्यातून जाताना चाक वर येते. ते कुठवर येऊ द्यायचे हे ठरवणारा, चासीवर किंवा धुऱ्यावर बसवलेला रबराचा, फोमचा अथवा तेल-वायूचा ठोकळा. गॅरेजच्या बोलीत ‘बंप रबर’ किंवा ‘बफर’. गाडी उंच करणारे, मोठे टायर घालणारे बहुतेक जण याचा विचार सर्वांत शेवटी करतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो बसवतात. हा क्रम उलटा आहे. पाटे, शॉकअप आणि टायर या तिघांची हद्द हाच ठोकळा आखतो. म्हणून त्याची निवड आधी मोजमापाने व्हावी, मग मालाने, आणि किमतीचा विचार सर्वांत शेवटी.

उदाहरणासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले राजूर घेऊ. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, पाचनई या बाजूंना जाणाऱ्यांचा हा मोठा थांबा. इथल्या वाटा बेसाल्टच्या कातळावरून, ओढ्यांतून आणि भातखाचरांच्या कडेने जातात आणि पावसाळ्यात डांबराच्या कडा धुऊन निघतात. या वाटांवर वेग क्वचितच मोठा असतो. बदलते ते ओझे. एकच जीप सकाळी रिकामी जाते आणि संध्याकाळी माणसे व भाताची पोती भरून परतते. रिकाम्या गाडीत धुरा आणि बंप स्टॉप यांच्यातले अंतर 9 सेंटिमीटर असेल, तर भरल्यावर ते 5 वर येऊ शकते. म्हणजे जो ठोकळा क्वचित लागावा, तोच दर खड्ड्याला लागतो. वाळवंटी शर्यतींच्या गाड्या पाहून केलेली निवड इथे चुकते ती यामुळेच.

ठोकळ्याचे काम अडवण्याचे वाटले, तरी खरे काम हळूहळू थांबवण्याचे आहे. समजा, एका चाकावर गाडीचा 400 किलो भार आहे आणि पाटे व शॉकअप यांनी आपले काम केल्यावरही खाली येण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर उरला. ही ऊर्जा 450 ज्यूल होते. कडक रबर दीड सेंटिमीटरच दबत असेल, तर चासीवर सरासरी 30,000 न्यूटन, म्हणजे सुमारे तीन टनांचा दणका बसतो. तीच ऊर्जा पाच सेंटिमीटरांत जिरवली तर दणका 9,000 न्यूटनांवर, टनाच्याही आत येतो. सरासरीपेक्षा शिखराचा आकडा मोठा असतो, पण प्रमाण तेच राहते. ठोकळ्याच्या आधाराची वेल्डिंग तडकणे, चासीला बारीक भेग जाणे, शॉकअपचा दांडा वाकणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या साडेतीन सेंटिमीटरांच्या फरकात असते.

निवडीचा पाया मोजपट्टी आहे. स्प्रिंग काढून, किंवा पाट्यांची गाडी असेल तर मुख्य पाटा ठेवून बाकीचे उतरवून, धुरा जॅकने वर घ्यायचा. टायर मडगार्डला लागतो, शॉकअप पूर्ण मिटतो, की डिफरन्शियल इंजिनाच्या चेंबरला भिडतो, यांतले काय आधी घडते ते पाहायचे. त्याच्या साधारण सव्वा सेंटिमीटर अलीकडे थांबून धुऱ्याची गादी आणि चासी यांतले अंतर मोजायचे. पूर्ण दाबलेल्या ठोकळ्याची उंची आणि त्याच्या बैठकीची जाडी मिळून तेवढीच भरली पाहिजे. ठोकळ्यासाठी 3 सेंटिमीटर उरत असतील, तर एक तृतीयांशापर्यंत दबणारा फोमचा ठोकळा 9 सेंटिमीटरांचा लागेल. पाव भागच दबणारे कडक रबर 4 सेंटिमीटरांचे पुरेल. दोघांची शेवटची हद्द एकच आहे. पहिला सहा सेंटिमीटरांत थांबवतो आणि दुसरा एकाच.

‘दोन इंच लिफ्ट, म्हणून दोन इंच लांब बंप स्टॉप’ हा बाजारातला नियम म्हणूनच टिकत नाही. लिफ्टनंतर जुनेच शॉकअप आणि जुनेच टायर राहिले, तर वरची हद्द तीच राहते. लांब शॉकअप बसवला की त्याची मिटलेली लांबीही वाढते आणि ठोकळा खाली आणावा लागतो. लिफ्ट न करता नुसता मोठा टायर घातला तरीही तो खाली आणावा लागतो. शिवाय गाडीची घडण पाहावी लागते. जुन्या महिंद्रा जीपला आणि मारुती जिप्सीला पुढे-मागे पाटे आहेत. 2010 च्या थारला पुढे टॉर्शन बार व मागे पाटे, तर 2020 च्या थारला चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग आहेत. पाट्यांना आणखी एक धोका असतो. ठोकळा उशिरा लागला तर पाटा सरळ होऊन उलटा वाकतो आणि लवकर बसतो.

यावर पहिला आक्षेप असा की लांब ठोकळ्याने चाकाची उचल कमी होते आणि खडकात एक चाक अधांतरी राहते. कडक रबराबाबत तो खरा आहे. मऊ ठोकळा लवकर लागला तरी दबत राहतो, म्हणून उचल फारशी अडत नाही. शिवाय सलग धुऱ्याच्या गाडीत ठोकळे चाकांच्या आतल्या बाजूला असतात. दोन ठोकळ्यांत 80 आणि दोन चाकांत 130 सेंटिमीटर अंतर असेल, तर गाडी तिरपी होताना ठोकळा 8 सेंटिमीटर मिटेपर्यंत चाक 13 सेंटिमीटर वर गेलेले असते. दोन्ही चाके एकत्र उचलून घेतलेले माप हा फरक लपवते. एक चाक वर आणि एक खाली, अशीही मोजणी हवीच.

दुसरा आक्षेप हायड्रॉलिकवाल्यांचा. तेल आणि नायट्रोजनचे नळकांडे वेग ओळखते आणि आपटल्यावर परत उसळत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. 2021 मध्ये भारतात आलेल्या सिट्रोएन सी 5 एअरक्रॉसमध्ये कंपनीनेच शॉकअपच्या टोकांना हायड्रॉलिक थांबे दिले होते. पण वेगाने उड्या मारणाऱ्या गाडीत त्यांचे जे मोल, ते राजूरच्या हळू, ओझ्याच्या वाटेवर वसूल होत नाही. सील गळले आणि वायू उतरला की तो ठोकळा निकामी होतो, आणि नायट्रोजन भरण्याची सोय गावोगावी नसते. गोव्यात 2014 पासून झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतही चिखल, विंच आणि तिरपी चाके यांचीच कसोटी अधिक लागते. रोजच्या डोंगरी गाडीला मागे पोकळ रबराचा, आधी मऊ आणि मग घट्ट होत जाणारा ठोकळा द्यावा. ओझ्याखाली तो धुऱ्याला टेकून राहिला तरी जादा पाट्याचे काम करतो. पुढे फोम चालेल, मात्र पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन पाण्या-दमटपणात हळूहळू कुजते, म्हणून इथल्या पावसाला पॉलिइथर जातीचे घ्यावे. गळक्या डिफरन्शियलजवळ साधे रबर लावू नये, तेलाने ते फुगते.

कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार चालत नाहीत. लिफ्ट आणि मोठे टायर या कक्षेत येऊ शकतात, म्हणून काम काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मूळ उंचीच्या गाडीत मात्र झिजलेला ठोकळा बदलणे ही निव्वळ दुरुस्ती आहे. तो कंपनीच्या मापाचा आणि नेहमी जोडीने बदलावा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला चुरा झालेला ठोकळा असेल, तर भरलेली गाडी खड्ड्यात एका अंगाला आधी आपटते.