बेंटली आणि बुगाटी

हिंगोली जिल्ह्यांतील साखऱ्यासारख्या गावीं आजोबांची बैलगाडी नातू हांकतो. मधल्या काळांत तिचे आरे बदललेले असतात, आख नवा आलेला असतो, लोखंडी धाव पुन्हां चढवलेली असते. तरी गाडी आजोबांचीच, याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. युरोपांतील शर्यतीच्या जुन्या मोटारींविषयीं हाच प्रश्न निघाला, तेव्हां मात्र त्याचें उत्तर न्यायालयाला द्यावें लागलें.

अशा मोटारींच्या संग्राहकांत दोन नांवांची तुलना नेहमीं होते : इंग्लंडची साडेचार लिटर बेंटली आणि फ्रान्सची बुगाटी ‘टाइप ३५’. वॉल्टर ओवेन बेंटली हे रेल्वेच्या कारखान्यांत तयार झालेले. त्यामुळें भक्कमपणा हा त्यांच्या मोटारीचा पहिला गुण. १९२७ ते १९३१ या काळांत निघालेल्या या मोटारीनें १९२८ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. एत्तोरे बुगाटी यांचे वडील फर्निचरचे नामांकित रचनाकार आणि बंधु शिल्पकार. मोल्शाइमच्या कारखान्यांतून १९२४ सालीं बाहेर पडलेल्या त्यांच्या मोटारीचें वजन जेमतेम ७५० किलो होतें. चाकें ॲल्युमिनियमचीं, आठ आऱ्यांचीं. ब्रेकचा ड्रमही चाकासह एकत्र ओतलेला. १९२५ ते १९२९ अशीं सलग पांच वर्षें सिसिलींतील डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीनेंच जिंकली.

दोघींची खरी गांठ १९३० सालीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें पडली. इंजिनांत दाबानें हवा भरणारा सुपरचार्जर बेंटली यांना मनापासून नापसंत होता. परंतु टिम बर्किन यांनीं तो हट्टानें बसविला होता. बुगाटीच्या दुपटीहून जड अशी ती मोटार घेऊन ते हलक्या मोटारींच्या मेळ्यांत उतरले आणि दुसरे आले. पहिले आले फिलिप एतांसलँ, अर्थात् बुगाटींतून. चपळता जिंकली, पण बळाचीही लाज राहिली.

पुढील वर्षीं बेंटलीचा कारखाना कर्जांत बुडून रोल्स रॉइसच्या हातीं गेला. आज बर्किन यांच्या मोटारींना केवढें मोल आहे, हें एकाच उदाहरणावरून कळेल : त्यांची एक आसनी बेंटली २०१२ सालीं लिलांवांत पन्नास लाख पौंडांहून अधिक किंमतीस गेली. मोल वाढलें तसा संशयही वाढला. कित्येक बंद बेंटल्यांचे सांगाडे उतरवून त्यांस शर्यतीचें रूप देण्यांत आलें. ‘टाइप ३५’च्या हुबेहूब प्रतिकृति अर्जेंटिनांत तयार होतात. म्हणून जाणता संग्राहक चकाकी पाहत नाहीं. चासिस व इंजिन यांचे क्रमांक आणि मालकांची अखंड परंपरा पाहतो.

१९२९ व १९३० सालीं ल मां जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या दुसऱ्या एका बेंटलीविषयीं १९९० सालीं लंडनच्या न्यायालयांत वाद गेला. तिचे मूळ भाग फारसे उरले नव्हते. तरीही ते क्रमाक्रमानें बदलत गेले, मोटारीचें अस्तित्व मध्यें कधींच खंडित झालें नाहीं, म्हणून ती अस्सलच, असा निर्णय झाला.

साखऱ्याच्या शेतकऱ्याला हा निवाडा ऐकवला, तर त्याला त्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं.