वकिलाचें दप्तर

रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूला नाशिकचे तीर्थोपाध्याय प्रथम गांव विचारतात, मग आडनांव. एवढें कळलें, कीं घरांतून जुनी वही निघते आणि त्या घराण्यांतला कोण केव्हां गंगेवर येऊन गेला, बरोबर कोण होतें, हें पुष्कळदां त्याच्याच हस्ताक्षरांत समोर ठेवलें जातें. ह्या वह्यांचें धार्मिक महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. वारसाच्या दाव्यांतही त्यांचा आधार घेतला गेला आहे. परंतु त्यांची खरी करामत मांडणींत आहे. नोंद पुढें कोणत्या खुणेनें शोधली जाणार, याचा विचार ती लिहिण्यापूर्वींच झालेला असतो.

नाशिकच्या वकिलांपुढें आज जो प्रश्न आहे तो मुळांत हाच. दावे, तारखा, कागद आणि फीचा हिशेब हें सर्व सांभाळणारें सॉफ्टवेअर कचेरीसाठीं घ्यावें, तर कोणतें? विक्रेते सोयींची लांबलचक यादी पुढें करतात. त्या यादीनें भांबावून जाण्यापूर्वीं या प्रांतांत दप्तरें कशीं टिकलीं आणि कशीं निरुपयोगी झालीं, हें पाहिलेलें बरें.

पेशवाईचे कागद रुमालांत बांधलेले असत. रुमाल म्हणजे कापडांत बांधलेला गठ्ठा. राज्य गेलें तरी ते रुमाल पुण्यास राहिले, आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. सरकारी दप्तराचें असें झालें. खाजगी दप्तराची कसोटी मात्र त्याच्या पुष्कळ आधीं लागली होती. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेंतील इनामदारांस आपापला हक्क कागदांनिशीं शाबीत करणें भाग पडलें. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या घराण्यांनीं माळ्यावरचीं बोचकीं खालीं काढलीं. कोणाच्या सनदेला वाळवी लागली होती, कोणाची भाऊबंदांच्या वांटणींत भलत्याच घरीं गेली होती. सनद असून वेळेवर सांपडली नाहीं, तर ती नसल्यातच जमा! या कमिशनांत काम केलेले लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख पुढें नाशिकास न्यायाधीश होते. दप्तर हरवलेल्या पक्षकाराची स्थिति त्यांच्याइतकी जवळून फार थोड्यांनीं पाहिली असेल.

इंग्रजी अमलांत वकिलाला सनद देऊन त्याच्या धंद्याचे नियम बांधण्याचें काम मुंबई इलाख्यांत १८२७ च्या रेग्युलेशनांनीं केलें. नाशिकचा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला; निफाडास जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७८ सालीं नाशिकास न्यायखात्यांत बदलून आले. त्या काळापासून वकिलाच्या कचेरीचे दोन आधार ठरून गेले आहेत. एक डायरी, दुसरी फाईल. डायरी दिवसावार असते : आज कोणत्या कोर्टांत कोणता नंबर, मागील तारीख कोणती, पुढील कोणती, काम कशासाठीं नेमलेलें. फाईल अशीलावार असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे जुना कारकून. अमक्याची कैफियत द्यावयाची राहिली आहे, तमक्याच्या नकलेचा अर्ज पडून आहे, हें त्याच्या डोक्यांत. तो निवृत्त झाला कीं अर्धी कचेरी त्याच्याबरोबर उठून जाते. सॉफ्टवेअर घ्यावयाचें तें या दुव्याच्या जागीं, हें ध्यानांत ठेवलें तर पुष्कळ दिखाऊ सोयी आपोआप गळून पडतात.

वकिलाचा सर्वांत मोठा शत्रु मुदत. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें दिवाणी हुकूमनाम्यावरील अपील उच्च न्यायालयांत ९० दिवसांत आणि इतर न्यायालयांत ३० दिवसांत करावें लागतें. परंतु ही मोजणी दिसते तितकी सोपी नाहीं. नक्कल मिळण्यास लागणारा काळ वगळावा लागतो. शेवटच्या दिवशीं कोर्ट बंद असेल, तर उघडेल त्या दिवशीं काम चालतें. शिवाय महामारीच्या वेळीं सर्वोच्च न्यायालयानें १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा सबंध काळच मोजणींतून वगळला. कॅलेंडरचे दिवस मोजणारें यंत्र हें स्वतःहून जाणत नाहीं. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न हा करावा, कीं यंत्रानें काढलेली तारीख वकिलाला स्वतः बदलतां येते काय, आणि ती कोणीं, केव्हां व कां बदलली याची नोंद मागें राहते काय.

तारखा मिळविण्याचें काम आतां पूर्वींइतकें कष्टाचें राहिलेलें नाहीं. ई-कोर्ट योजना २००७ सालीं सुरू झाली. पुण्याच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें तयार केलेली प्रणाली जिल्हा व तालुका न्यायालयांत चालते, आणि प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून पुढील तारीख कोणालाही विनामूल्य पाहतां येते. तेव्हां केवळ तेवढीच माहिती ओढून आणून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीं मोठी रक्कम मोजणें शहाणपणाचें नव्हे. आणखी एक अडचण नाशिकसारख्या जिल्ह्यांत विशेष जाणवते. येथें शेतजमिनीचे तंटे पुष्कळ. सातबाराची नोंद, फेरफार, रस्त्याचा वाद यांसाठीं वकिलाला तहसीलदार व प्रांताधिकारी यांच्यापुढें उभें राहावें लागतें. महसुली अधिकाऱ्यांपुढील हीं प्रकरणें न्यायालयांच्या सोळा अंकी क्रमांकाखालीं येत नाहींत. ज्या कार्यक्रमांत अशी तारीख हातानें घालतां येत नाहीं, तो मोठ्या शहरांतील कंपनीच्या वकिलाला कदाचित् पुरेल. निफाड-सिन्नरच्या द्राक्षबागाइतदारांचें काम पाहणाऱ्याला पुरणार नाहीं.

याहून गंभीर प्रश्न लिपीचा आहे. महाराष्ट्राचें शेंकडों वर्षांचें दप्तर मोडींत लिहिलें गेलें. विसाव्या शतकांत मोडी शाळेंतून व कचेऱ्यांतून गेली, आणि कागद शाबूत असूनही वाचणारा उरला नाहीं. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामासाठीं कुणबी नोंदी शोधावयाची वेळ आली, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणारे हुडकावे लागले. ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. संगणक आल्यावर मराठी टंकलेखन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत झालें, आणि एकाची सांकेतिक रचना दुसऱ्याला कळत नसे. १९९८ सालीं शासनानें तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. त्या सुमारास कचेऱ्यांत टंकलेले कित्येक दावे व करारनामे आज उघडले तर पडद्यावर निरर्थक चिन्हें दिसतात. युनिकोडनें हा घोळ पुढच्या कागदांपुरता मिटविला, मागच्यांचा नव्हे. मोडीला निदान जाणकार तरी सांपडतो. मूळ फॉन्ट गेला तर पडद्यावरील त्या चिन्हांचा अर्थ कोण लावणार?

म्हणून दुसरा प्रश्न. सॉफ्टवेअर सोडावयाचें झालें, किंवा तें बनविणारी कंपनीच बंद पडली, तर सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपांत, युनिकोड मराठींत, आणि कागद मूळ स्वरूपांत परत मिळतील काय? विक्रेत्याचें तोंडी ‘होय’ येथें पुरत नाहीं. खरेदीपूर्वीं दहा-बारा निकाली प्रकरणें त्यांत भरावीं, मग तीं सर्व बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीं. याच परीक्षेंत शोधाचीही परीक्षा होते. न्यायालयाच्या यादींत ‘कुलकर्णी’ रोमन लिपींत असतात, वकिलाच्या कागदांत देवनागरींत. दोन्ही एकच अशील आहेत हें यंत्राला कळत नसेल, तर रामकुंडावरची वही त्याहून बरी.

अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें उघड करूं नये, हा दंडक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत कलम १२६ मध्यें होता; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमांत तो कलम १३२ मध्यें आहे. दप्तर परक्याच्या दूरच्या यंत्रावर ठेवलें, तरी जबाबदारी वकिलाचीच राहते. किल्ली कोणाजवळ, कंपनीचा नोकर कागद वाचूं शकतो काय, हें करारांत लिहून घ्यावें. उलट, सर्व कांहीं कचेरींतील एकाच संगणकावर ठेवणाऱ्यानें २०१६ च्या ऑगस्टमधील गोदावरीचा पूर आठवावा. गंगेकांठच्या बाजारपेठेंत पाणी शिरलें, तें कागद आणि यंत्र असा भेद करीत नाहीं. एक प्रत दुसऱ्या पेठेंत असलीच पाहिजे.

पुराव्याच्या दृष्टीनेंही सावधगिरी हवी. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत उमेदवारीअर्ज दुपारीं तीनच्या आंत आले कीं नंतर, हा वाद कॅमेऱ्याच्या चित्रणावर येऊन ठेपला. त्या अर्जुन खोतकर प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें, कीं मूळ उपकरणच हजर केलें नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत कायद्यानें सांगितलेला दाखला हवा. आतां तो नवीन अधिनियमाच्या कलम ६३ खालीं लागतो. अशिलानें पाठविलेलें छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरनें आकारानें लहान करून ठेवलें, तर मूळ प्रत कोठें गेली हें शोधण्याची पाळी येते.

हिशेबाची बाजू थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. अशिलाकडून आलेली रक्कम, त्याच्यासाठीं झालेला खर्च आणि फीपोटीं वळती केलेली रक्कम तारीखवार दाखवावी, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. कोर्टफी स्टँप, नकला, बेलिफाचा भत्ता हे किरकोळ खर्च ज्यांत सहज लिहितां येत नाहींत, तें सॉफ्टवेअर कारकून महिनाभरांत बाजूला टाकतो, आणि मग वकीलसाहेबांच्या टेबलावर एक महागडी शोभेची वस्तु उरते.

बदल करावयाचा तो मे महिन्याच्या सुटींत करावा. चालू दावे प्रथम भरावेत, जुनीं निकाली प्रकरणें सवडीनें. पुढील मेपर्यंत कागदी डायरी बंद करूं नये. रोज संध्याकाळीं दुसऱ्या दिवसाचें बोर्ड डायरींतून एकानें आणि पडद्यावरून दुसऱ्यानें वाचावें, आणि जेथें फरक पडेल तेथें न्यायालयाचा रोजनामा पाहून दोन्हीं ठिकाणीं दुरुस्ती करावी.