पुस्तके कोणाची? ठाण्याच्या सामाईक ग्रंथधनाचा इतिहास

१/९ मुंबई-नाशिक मार्गावरील पडघा (ता. भिवंडी) आणि त्याचा परिसर आज गोदामांसाठी ओळखला जातो. याच टापूत एकोणिसाव्या शतकात निराळा साठा उभा राहिला : नागरिकांनी वर्गणीतून जमवलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली पुस्तके. त्या परंपरेविषयी हा धागा.

२/९ पडघ्याहून याच मार्गाने पुढे गेल्यास नाशिक लागते. तेथील सार्वजनिक वाचनालय १८४० चे. जवळच्या कल्याणमधील वाचनालय १८६४ चे. त्या काळी अशा संस्थांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे नाव रूढ होते. अनेक ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार आणि स्थानिक सुशिक्षितांची वर्गणी यांवर त्या उभ्या राहिल्या.

३/९ प्रश्न होता मराठी पुस्तकांचा. १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठी मुद्रणाला आरंभ झाला. मात्र शतक पुरे होण्याआधीच जुनी छापील पुस्तके दुर्मिळ होऊ लागली. दमट हवा, कसर, वाळवी आणि अनास्था हे सारेच त्यांचे शत्रू.

४/९ १८६७ च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले. त्यांतील काही लंडनच्या संग्रहांत पोहोचल्या. सरकारदरबारी नोंद झाली. सामान्य मराठी वाचकाच्या हाती पुस्तक पडण्याची सोय मात्र त्यातून झाली नाही.

५/९ ही उणीव भरून काढण्यासाठी १ जून १८९३ रोजी ठाण्यात ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ स्थापन झाले. विशी नुकतीच ओलांडलेले विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे सहकारी हे त्याचे प्रवर्तक. उद्देश एकच : मराठीत छापलेले पुस्तक, मग ते लहान असो वा मोठे, जपून ठेवणे.

६/९ याच भाव्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. १८९८ मध्ये मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तीही अशा संग्रहांच्या आधारानेच.

७/९ या संस्थांचे बळ त्यांच्या घडणीत होते. वर्गणीदार हाच सभासद. सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ. वर्षाचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे. पुस्तक घरी नेणाऱ्यालाच ते टिकवण्याची जबाबदारी आणि कारभाराचा जाब विचारण्याचा अधिकार मिळे.

८/९ १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने हीच घडण मान्य केली. तमिळनाडूत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर आहे. महाराष्ट्राने तो लावला नाही. येथे ग्रंथालय चालवते स्थानिक संस्था आणि शासन ‘अ’ ते ‘ड’ वर्गांनुसार अनुदान देते.

९/९ त्यामुळे या वारशाचा खरा आधार अनुदान नसून सभासद आहेत. गोदामातील मालाला मालक असतो. तो भाडे भरतो आणि नुकसानीचा दावाही करतो. सामाईक पुस्तकाच्या बाजूने बोलणारा असतो तो केवळ वर्गणीदार. तो सभेला येईनासा झाला, की कपाटे शाबूत असूनही संग्रह पोरका होतो.