आधी दर, मग कापणी

‘पगार योग्यतेनुसार’ एवढ्यावर बोळवण करणारी जाहिरात वाचताना तारापूर-बोईसरच्या तरुणाने शेजारच्या तलासरी-डहाणूचा १९४५चा लढा आठवावा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी तेथील वारली ‘लग्नगडी’ होऊन जमीनदाराकडे राबत. कर्ज किती फिटले, हे जमीनदारच ठरवी. शामराव व गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेसोबत त्यांनी वेठ नाकारली आणि गवतकापणीचा नेमका दर मागितला: ५०० पौंडांस अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी ठार झाले. तरी संप मोडला नाही. वजन आणि दर दोन्ही ठाऊक असले, की मजूर आपली मजुरी स्वतः मोजतो. आकडा दडवणाऱ्याला नेमके तेच नको असते.